कष्टाळू बीव्हर : एका लहान विमानाचें आयुष्य

विमान म्हटलें कीं शहरांत राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें शें-दोनशें उतारूंना पोटांत घेऊन ढगांच्याही वर निघून जाणाऱ्या अवाढव्य यंत्राचें असतें. त्याला मैल-दोन मैल लांबीची फरसबंद धावपट्टी लागते, रात्रीचे दिवे लागतात, शेंकडों नोकरचाकर लागतात. परंतु आगगाडीचें स्टेशन आलें म्हणजे प्रवास संपला असें होत नाहीं. स्टेशनापासून गांवापर्यंत बैलगाडी किंवा होडी लागतेच. विमानांच्या जगांतही तसेंच आहे. मोठीं विमानें जेथें थांबतात तेथून पुढें जाणारी एक निराळी जात आहे. हीं विमानें लहान असतात, बहुधा एका एंजिनावर चालतात, आणि माणूस, टपाल, पिठाचीं पोतीं, रॉकेलचीं पिंपें, आजारी बाई, जें समोर येईल तें पाठीवर घेऊन उडतात. त्यांना मान नाहीं, पण त्यांच्यावांचून पृथ्वीवरील कित्येक वस्त्यांचें चालत नाहीं.

भारतीय कंपनीच्या विमानवाहतुकीचा आरंभही अशाच एका लहान विमानानें झाला, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा हे कराचीहून पस मॉथ जातीचें एक एंजिनी विमान घेऊन निघाले आणि वाटेंत अहमदाबादेस उतरून टपालाच्या पिशव्यांसह मुंबईस जुहूला येऊन पोहोंचले. अहमदाबादेस त्या विमानाकरितां पेट्रोल आणलें होतें तें बैलगाडींतून! तें विमान इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीनें बांधलेलें होतें. त्याच कंपनीची एक शाखा १९२८ सालीं कॅनडांत टोरोंटो शहरीं निघाली होती. या शाखेनें पुढें जें एक विमान तयार केलें, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे. त्याचें नांव बीव्हर.

बीव्हर हा मूळचा प्राणी आहे. कॅनडांतील नद्यानाल्यांच्या कांठीं तो राहतो. शेपूट चपटें, दांत बळकट. दांतांनीं झाडें पाडून ओढ्यावर बांध घालावयाचा, आणि कोणी बांध फोडला तर तो पुन्हां घालावयाचा, हा त्याचा नित्याचा उद्योग. कॅनडाच्या पांच सेंटांच्या नाण्यावर त्याचें चित्र आहे. सुंदर म्हणून कोणी त्याची वाखाणणी करीत नाहीं. कष्टाळू म्हणून करतात. विमानाला हें नांव किती शोभलें तें पुढें दिसेलच.

कॅनडाचा उत्तर भाग हा प्रदेश कसा आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एकट्या ऑन्टॅरिओ प्रांतांत अडीच लाखांच्या आसपास सरोवरें आहेत. मध्यें दाट जंगल, दलदल व खडक. तेथें रस्ता बांधणें अवघड आणि बांधला तरी तो कोणासाठीं, हा प्रश्न. पन्नास माणसांच्या वस्तीपासून दुसरी वस्ती शंभर मैलांवर. परंतु ज्या सरोवरांनीं रस्ता अडविला त्याच सरोवरांनीं विमानाला वाट दिली. चाकांच्या जागीं नावेच्या आकाराचे दोन पोकळ फ्लोट बसविले कीं प्रत्येक सरोवर हें विमानतळ होतें. हिवाळ्यांत पाणी गोठलें कीं फ्लोट काढून लांकडी किंवा धातूच्या घसरपट्ट्या, म्हणजे स्की, लावावयाच्या. पहिल्या महायुद्धानंतर असे उड्डाण करणाऱ्या वैमानिकांचा एक वर्गच तेथें तयार झाला. त्यांना बुश पायलट, म्हणजे रानांतले वैमानिक, असें म्हणतात. मात्र त्यांच्या हातीं येणारीं विमानें बहुतेक दुसऱ्या कामाकरितां बांधलेलीं असत. त्यांतील उणिवा वैमानिकानें आपल्या अंगच्या हुशारीनें भरून काढावयाच्या, आणि हुशारी कमी पडली तर प्राण द्यावयाचा, अशी स्थिति होती.

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां लढाऊ विमानांच्या मागण्या एकाएकीं बंद झाल्या, आणि कारखान्यापुढें आतां बनवावें काय असा प्रश्न उभा राहिला. फिल गॅरॅट हे त्या वेळीं कारखान्याचे प्रमुख होते. विक्रीचें काम पाहणारे पंच डिकिन्स हे स्वतःच उत्तरेकडील नाणावलेले वैमानिक. आराखडा कागदावर कायम करण्यापूर्वीं त्यांनीं एक साधी पण फार शहाणपणाची गोष्ट केली. रानांत उडणाऱ्या वैमानिकांना पत्रें घालून, तुम्हांला विमान कसें पाहिजे, असें त्यांनीं विचारलें. उत्तरें आलीं तीं रोजच्या अडचणींतून आलेलीं होतीं. लहान सरोवरांतून भरल्या ओझ्यासह उठतां आलें पाहिजे. दारें रुंद हवींत. सांगाडा धातूचा हवा. कापड व लांकूड पावसापाण्यांत टिकत नाहीं. चाकें, फ्लोट व स्की हे तिन्ही चटकन् बदलतां आले पाहिजेत. वेगाविषयीं मात्र फारशी मागणी नव्हती. जेथें दुसरें वाहन म्हणजे कुत्र्यांनीं ओढावयाची घसरगाडी, तेथें ताशीं शंभर मैल ही चैनच म्हणावयाची.

हीं उत्तरें पुढें ठेवून फ्रेड ब्युलर, रिचर्ड हिस्कॉक्स व त्यांचे सहकारी यांनीं जें विमान रचलें, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पंख अंगावरून, म्हणजे छपरावरून, गेलेले. त्यामुळें सरोवरांतील धक्क्याला विमान लावलें तरी पंख धक्क्यावर आपटत नाहींत. पंखांची लांबी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत ४८ फूट, आणि अंगाची लांबी सुमारें ३० फूट. रिकामें वजन तीन हजार पौंडांच्या आसपास, व चाकांवरून उडतांना भरलेलें वजन ५,१०० पौंड. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ दोनतृतीयांश भार तें उचलतें. अर्थात् वैमानिक व पेट्रोल या भारांतच आलें. दोन्ही बाजूंचीं दारें इतकीं रुंद कीं पंचेचाळीस गॅलनांचें पिंप गडगडवीत सरळ आंत नेतां यावें. पेट्रोलच्या टांक्या पंखांत न ठेवतां पोटाखालीं ठेवल्या, कारण थंडींत निसरड्या पंखावर चढून, हातांत डबा धरून पेट्रोल ओतणें म्हणजे हातपाय मोडून घेणें. आतां वैमानिक फ्लोटवर उभा राहूनच तें भरूं शकतो. एंजिनांत तेल घालण्याचें तोंड तर बैठकीपाशींच आहे, त्यामुळें उडतांउडतांही तेल घालतां येतें.

थोड्या अंतरांत उठण्याची किमया कशांत आहे, हेंही समजून घेणें सोपें आहे. विमान उचललें जातें तें पंखावरून वाहणाऱ्या हवेमुळें. विमान सावकाश चाललें असतां पंखाला पुरेसा आधार मिळावा म्हणून पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीच्या फळ्या असतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. त्या खालीं वळविल्या कीं पंखाची वक्रता वाढते आणि कमी वेगांतही तो अधिक भार तोलतो. पंखांच्या टोंकांकडे दुसऱ्या फळ्या असतात. त्या विमानाला डावीउजवीकडे कलविण्यासाठीं. बीव्हरमध्यें अशी योजना आहे कीं फ्लॅप उतरविले म्हणजे या टोंकाकडच्या फळ्याही थोड्या खालीं येतात. अशा रीतीनें जवळजवळ संपूर्ण पंख उचलण्याच्या कामीं लागतो. याचा परिणाम असा कीं जमिनीवरून भरल्या वजनानें निघालेलें हें विमान सुमारें हजार फुटांच्या अंतरांत पन्नास फूट उंचीच्या झाडावरून पार होतें.

एंजिनाची हकीकत योगायोगाची आहे. आरंभीं दुसरें कमी शक्तीचें ब्रिटिश एंजिन बसवावयाचें ठरत होतें. परंतु युद्धाकरितां बनविलेलीं अमेरिकन वास्प ज्युनिअर एंजिनें युद्ध संपल्यावर ढिगानें शिल्लक पडलीं होतीं व स्वस्तांत मिळत होतीं. ४५० अश्वशक्तीचें, नऊ सिलिंडरें सूर्यकिरणांप्रमाणें वर्तुळांत मांडलेलें, पाण्याऐवजीं हवेनें थंड होणारें असें तें एंजिन. तें बसविल्यावर विमानाच्या अंगांत खरा जोर आला. १६ ऑगस्ट १९४७ रोजीं रसेल बॅनॉक या वैमानिकानें पहिलें बीव्हर टोरोंटोजवळ डाउन्सव्ह्यू येथें आकाशांत नेलें. ऑन्टॅरिओ प्रांताचें वनरक्षणाचें विमानखातें हें पहिल्या गिऱ्हाइकांपैकीं एक. पुढें अमेरिकेच्या लष्करानेंही त्याची पारख केली व नऊशेंहून अधिक विमानें घेतलीं. १९६७ सालीं कारखान्यानें तें बनविणें थांबविलें, तोंपर्यंत वीस वर्षांत साडेसोळाशेंहून अधिक बीव्हर तयार झालीं होतीं.

आतां या विमानाचा दिनक्रम पाहूं. उन्हाळ्यांत पहांटे उजाडतांच काम सुरू होतें. प्रथम फ्लोटमध्यें रात्रींतून झिरपलेलें पाणी हातपंपानें उपसून काढावयाचें. न उपसल्यास तितकें ओझें फुकट वाहावें लागतें, आणि एका बाजूचें पाणी जास्त झालें तर विमान कलतें. मग पुढचा मोठा पंखा हातानें सावकाश फिरवावयाचा. या वर्तुळाकार एंजिनाचीं कांहीं सिलिंडरें उलटीं, खालीं तोंड करून असतात. एंजिन उभें असतां त्यांत तेल उतरून सांचतें. तसेंच एंजिन सुरू केलें तर सांचलेल्या तेलाला वाट न मिळून आंतला दांडा वांकतो. पांच मिनिटांची ही दक्षता हजारों रुपयांचें एंजिन वांचविते. मग भार भरावयाचा. पीठ, साखर, खिळे, टपाल, एखादी होडी असली तर ती बाहेरच फ्लोटच्या दांड्यांना दोरांनीं बांधावयाची. प्रत्येक वस्तूचें वजन वैमानिकाला ठाऊक पाहिजे. इतकेंच नव्हे तर ती पुढें ठेवली कीं मागें, हेंही त्यानें पाहिलें पाहिजे. शेपटाकडे ओझें जास्त झालें तर विमान नाक वर करतें आणि आवरेनासें होतें.

पाण्यावर उतरण्यांतही एक विचित्र धोका आहे. वारा सुटला, लाटा उठल्या, म्हणजे भीति वाटावी हें साहजिक. परंतु अनुभवी वैमानिक अधिक भितो तो आरशासारख्या निश्चल पाण्याला. त्यांत आकाशच प्रतिबिंबित झालेलें असतें. त्यामुळें पाणी पांच फूट खालीं आहे कीं पन्नास, हें डोळ्यांना कळत नाहीं. अशा वेळीं तो कांठाच्या झाडांकडे नजर ठेवून, ठरावीक मंद गतीनें, पाणी आपण होऊन लागेपर्यंत विमान खालीं आणीत राहतो. डोळ्यांवर विश्वास न ठेवतां नियमावर विश्वास ठेवणें, हें त्या विद्येंतील अवघड पाऊल आहे.

हिवाळ्यांत गोष्ट निराळी. कडाक्याच्या थंडींत तेल डिंकासारखें घट्ट होतें. म्हणून पूर्वींचे वैमानिक रात्रीं मुक्कामाला पोहोंचतांच एंजिनांतील तेल डब्यांत काढून घेत, तें झोंपडींत शेगडीपाशीं ठेवीत, आणि सकाळीं एंजिनावर जाड कापडाचा तंबू घालून, खालीं स्टोव्ह पेटवून, एंजिन ऊन झाल्यावर तें तेल परत ओतीत. स्की बर्फाला चिकटून बसूं नयेत म्हणून त्यांच्याखालीं झाडाच्या फांद्या घालून ठेवीत. मात्र सर्वांत कठीण काळ हिवाळा नव्हे, तर त्याच्या आधींचा व नंतरचा. शरदांत सरोवर गोठूं लागतें तेव्हां पाणी फ्लोटला चालत नाहीं आणि बर्फ स्कीला पेलत नाहीं. वसंतांत बर्फ फुटतें तेव्हांही तेंच. त्या कांहीं आठवड्यांत ज्या वस्तीला धावपट्टी नाहीं तिच्याकडे असें विमान जाऊं शकत नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यांत नदीला पूर आला कीं तर बंद होते आणि पलीकडच्या गांवचा आजारी माणूस देवाच्या हवालीं राहतो. ज्यांनीं कोंकणांतील किंवा घाटाखालचीं जुनीं गांवें पाहिलीं आहेत त्यांना या अवस्थेची कल्पना सहज येईल. विमानाची किंमत तें आलें त्या दिवशीं जितकी कळते, त्याहून तें येऊं शकलें नाहीं त्या दिवशीं अधिक कळते.

कॅनडाबाहेरही या विमानानें नाना प्रकारचीं कामें केलीं. न्यूझीलंडमध्यें डोंगरउतारांवरच्या कुरणांना खत देण्याकरितां त्याच्या पोटांत खताचा हौद बसविला आणि तें टेंकड्यांवरून खत उधळीत फिरलें. वणव्यांच्या दिवसांत तें धूर हुडकून काढी व विझविणाऱ्या माणसांना पंप आणि नळ्यांसह जवळच्या सरोवरावर नेऊन सोडी. एव्हरेस्ट सर करणारे एडमंड हिलरी १९५५ ते १९५८ च्या राष्ट्रकुल मोहिमेंत अंटार्क्टिकावर गेले, तेव्हां त्यांच्या तुकडीपाशींही एक बीव्हर होतें. ४ जानेवारी १९५८ रोजीं हिलरी ट्रॅक्टरांनिशीं दक्षिण ध्रुवावर पोहोंचले, हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या वाटेवर जागोजागीं पेट्रोल व अन्न यांचे सांठे करण्यांत त्या लहान विमानाचा वांटा होता, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

असें हें विमान किती वर्षें जगतें? याचें उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. १९४७ सालीं प्रथम उडालेलें तें पहिलेंच बीव्हर १९४८ पासून ब्रिटिश कोलंबियांत कामाला लागलें आणि १९८० पर्यंत राबलें. त्यानंतर तें ओटावा येथील विमानसंग्रहालयांत ठेवण्यांत आलें. त्याचीं धाकटीं भावंडें तर अद्याप पाण्यावरून उडत आहेत. विमानाचें वय वर्षांत मोजीत नाहींत. तें उड्डाणाच्या तासांत मोजतात. ठरावीक तास भरले कीं एंजिन उतरवून पुरतें उलगडावयाचें, झिजलेले भाग टाकावयाचे, नवे बसवावयाचे. पंखांना आधार देणारे दांडे तपासावयाचे. खाऱ्या पाण्यांत काम करणाऱ्या विमानाला तर रोज गोड्या पाण्यानें धुवावें लागतें, नाहींपेक्षां रिबिटांच्या कडांनीं क्षार शिरून धातूचा भुगा होतो. असें करतां करतां पन्नास वर्षांनीं मूळ विमानांतील किती अंश शिल्लक राहिला, हें सांगणें कठीण होतें. ज्या घराचे वासे, कौलें व दारें एकेक करून बदललीं, तें घर आजोबांचेंच म्हणावें कीं नाहीं, तसाच हा प्रश्न आहे.

पण या दीर्घायुष्याला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाहीं. ३१ डिसेंबर २०१७ रोजीं ऑस्ट्रेलियांत सिडनी शहराच्या उत्तरेस एक बीव्हर पाण्यावरून उठल्यावर थोड्याच वेळांत एका खाडींत कोसळलें. वैमानिक व पांच उतारू असे सहाही जण मृत्यु पावले. तें विमान पन्नास वर्षांहून अधिक जुनें होतें. १९९६ सालीं शेतीच्या कामावर असतांना त्याला एकदां अपघात होऊन वैमानिक दगावला होता, आणि नंतर तें पुन्हां बांधून उडविण्यांत आलें होतें. साहजिकच लोक म्हणाले कीं म्हातारें यंत्र, तें पडणारच. परंतु सरकारी तपासखात्यानें तीन वर्षें चिकाटीनें शोध केला, तेव्हां निराळेंच निष्पन्न झालें. वैमानिकाच्या व उतारूंच्या रक्तांत कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचें प्रमाण वाढलेलें आढळलें. एंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीला तडे गेलेले होते. एंजिन व बैठक यांच्यामध्यें जो धातूचा पडदा असतो, त्यावरील झांकणांचे तीन बोल्ट जागेवर नव्हते. त्या तीन भोकांतून वायु आंत शिरला असावा, असा निष्कर्ष निघाला. त्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. माणूस आधीं गोंधळतो, मग ग्लानींत जातो, आणि आपल्याला कांहीं झालें आहे हेंच त्याला कळत नाहीं. इशारा देण्याकरितां बैठकींत रंग बदलणारी एक साधी चकती होती, पण तसल्या चकतीवर भरंवसा ठेवतां येत नाहीं. म्हणून अशा विमानांत आवाज किंवा दिवा यांनीं सावध करणारें उपकरण असावें, अशी सूचना तपासखात्यानें केली.

या हकीकतींतून काय घ्यावयाचें? विमान म्हातारें झालें हा दोष नव्हता. म्हाताऱ्याकडे जितकें लक्ष द्यावयास पाहिजे तितकें दिलें गेलें नाहीं, हा दोष होता. यंत्र जुनें झालें कीं तें एकदम मोडत नाहीं. तें बारीकसारीक तक्रारी करूं लागतें. एखादा तडा, एखादा निसटलेला बोल्ट, थोडा अधिक धूर. ज्याच्या कानांना हें ऐकण्याची संवय आहे त्याच्या हातांत तें तरुण विमानाइतकेंच सुरक्षित असतें. ज्याला संवय नाहीं त्याच्या हातांत नवें विमानही सुरक्षित नाहीं. बोल्ट बसविणाऱ्या कामगाराचें नांव उतारूला कधींच कळत नाहीं, परंतु त्याचा जीव त्या कामगाराच्या हातीं असतो.

मग हीं जुनीं विमानें मोडींत घालून नवीं कां घेत नाहींत, असा प्रश्न येईल. त्याचें उत्तर असें कीं त्याच किमतींत तेंच काम करणारें दुसरें यंत्र सहजासहजीं मिळत नाहीं. वास्प ज्युनिअर एंजिन तर कारखान्यानें १९५३ सालींच बनविणें बंद केलें. जुन्यांचीच डागडुजी करून भागवावें लागतें. कांहींनीं त्याच्या जागीं टर्बाइन एंजिन बसविलें. १० डिसेंबर २०१९ रोजीं तर व्हँकूव्हरजवळ रिचमंड येथें एका जुन्या बीव्हरमध्यें ७५० अश्वशक्तीची विजेची मोटर बसवून तें फ्रेझर नदीवरून उडविण्यांत आलें. उड्डाण कांहीं मिनिटांचेंच होतें, कारण विजेच्या बॅटऱ्यांचें वजन फार आणि त्यांत मावणारी शक्ति पेट्रोलच्या मानानें थोडी. तरीसुद्धां नव्या युगाचा प्रयोग करावयाचा तर त्यासाठीं सत्तर वर्षांपूर्वींचा आराखडाच लोकांनीं निवडला, ही गोष्ट बोलकी आहे.

हा आराखडा इतका कां टिकला, याचें कारण शोधूं गेल्यास तें त्या आरंभींच्या पत्रांत सांपडतें. ज्यांना तें यंत्र रोज वापरावयाचें होतें, थंडींत ज्यांचीं बोटें बधिर होणार होतीं, ज्यांना पिंप उचलून आंत घालावयाचें होतें, त्यांना आधीं विचारलें आणि त्यांचें ऐकलें. दारें रुंद झालीं तीं त्यामुळें. टांकी खालीं आली ती त्यामुळें. शाळा असो, इस्पितळ असो, कीं साधा पाण्याचा नळ असो, लोकांच्या उपयोगाची वस्तु बांधणाऱ्यानें ही एक रीत उचलली तरी पुष्कळ झालें. आणि जुहूच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या इवल्या टपालविमानाची आठवण ज्यांना आहे, त्यांना हेंही पटेल कीं देशाचें दळणवळण मोठ्या यंत्रांनीं वाढतें खरें, परंतु त्याची सुरुवात आणि त्याचें शेवटचें टोंक हीं दोन्ही बहुधा एखाद्या लहान, कष्टाळू यंत्राच्याच स्वाधीन असतात.